आईचा रकाना कुठे आहे?

"दूध बाटलीतून पोहोचते आहे. मग आईला सुट्टी कशाला?"

सन २०६१. रत्नागिरीजवळच्या समुद्री पवनचक्क्यांच्या केंद्रात कामाच्या वेळा ठरवणाऱ्या दक्ष या यंत्रमानवाने हा प्रश्न विचारला आणि दहा वर्षांची शर्वाणी भडकली. तिची आई विशाखा तिथे अभियंता होती. बाळाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा मिळणारा तिचा अर्धा तास दक्षने त्या सकाळी रद्द केला होता.

"कुणाला विचारलंस?"

"तक्ता पाहिला. लाभार्थी : बाळ. वजन : उत्तम."

"आणि आई?"

"तो रकाना नाही."

शर्वाणी तडक आत्याआजीकडे गेली आणि तिने सगळे सांगितले. डॉ. कुमुदिनी, बाबांची आत्या, केंद्राची हृदयतज्ज्ञ होती.

"आईला अळिवाचे लाडू दिले, ते कशासाठी गं?" आजीने विचारले.

"दूध यावं म्हणून."

"म्हणजे लाडूसुद्धा बाळाचेच! दक्षला काय बोलतेस? तक्ता माणसांनीच बनवलाय."

आजीचा आवाज चढला होता. "गरोदरपणी हृदय जवळजवळ दीडपट रक्त ढकलतं. रक्तातले स्निग्ध पदार्थ (चरबी) वाढतात, अंगावर साठा होतो. दूध बनवताना तो साठा खर्च होतो. पाजताना ऑक्सिटोसिन (मेंदूतून रक्तात येणारं संप्रेरक, म्हणजे शरीराचा रासायनिक निरोप) सुटतं. तेव्हा रक्तदाब थोडा उतरतो. हजारो आयांची वर्षानुवर्षं पाहणी झाली. पाजणाऱ्यांमध्ये पुढे हृदयविकार कमी आढळले."

"दुधामुळेच?"

"तेवढं एकच कारण, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण तुझ्या आईचा रक्तदाब गरोदरपणी वाढला होता. अशा बाईच्या हृदयाकडे कुणी बघायचंच नाही?"

"आणि जिला पाजता येत नाही, तिचं काय?"

"तिचंही हृदय तपासायचं. टोमणे मारायचे नाहीत."

दोघी दक्षसमोर उभ्या राहिल्या. "लाभार्थी दोन," शर्वाणीने बजावले.

"दुसऱ्या लाभार्थीचे वजन?"

"रक्तदाब लिही, शहाण्या!"

आजीने डॉक्टर म्हणून आदेश दिला. अर्धा तास परत मिळाला. विशाखा बाळाला घेऊन बसली. तिच्या मोकळ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून आजीने पहिला आकडा सांगितला.

"हा रकाना बाळाचे दूध सुटेपर्यंत ठेवू?" दक्षने विचारले.

"हृदय तेव्हा थांबतं का रे? आयुष्यभर ठेव."

दक्षने इतर केंद्रांचे तक्ते उघडून पाहिले. "किनाऱ्यावरच्या इतर अकरा केंद्रांतही हा रकाना नाही."

"मग वाट कसली बघतोस?" शर्वाणी म्हणाली. "पाठव!"