वेल्ताचं उत्तर

तेवीस जूनच्या सकाळी ओटोने बर्चच्या दोन फांद्या तोडून दाराच्या दोन्ही बाजूंना खोचल्या. एक वाकडी बसली. त्याने ती तशीच राहू दिली. बायको, वेल्ता, असती तर सरळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायला लावली असती. चीज त्याने चेसिस गावातल्या दुकानातून आणलं होतं, शहाजिरं घातलेलं, कागदात गुंडाळलेलं. लीगोच्या संध्याकाळी, वर्षातली सगळ्यात छोटी रात्र जागून काढायच्या सणाला, विकतचं चीज पाहुण्यांपुढे ठेवायचं म्हणजे घरातली बाई गेली हे ताटात वाढण्यासारखंच. पण ते सगळ्यांना माहीत होतं. ऑक्टोबरमध्ये तेच सगळे तिला माती द्यायला आले होते.

दुपारी नदीपलीकडची बिरुता आली. तिने ओकच्या पानांचा मुकुट आणला होता. तो ओटोच्या डोक्यावर ठेवून ती जरा मागे सरून बघत राहिली.

"छान दिसतोय. पानं टोचतील थोडी. संध्याकाळी आम्ही सगळे येतो, पण गाणार नाही. नुसते बसू."

"का?"

"का म्हणजे? तुझ्या दारात तुझीच टिंगल गायची आणि गप्प उभं राहायचं? उत्तर कोण देणार?"

लीगोला माणसं घरोघर जातात आणि त्या घराला गाण्यातून टोमणे मारतात. घरच्या बाईने दारात उभं राहून गाण्यातच उत्तर द्यायचं. एका बाजूची गाणी संपली की हरलेल्यांची हुर्यो होते, मग बिअर आणि चीज. वेल्ताला हरवलेलं कोणाला आठवत नव्हतं.

"गा," ओटो म्हणाला. "मला ऐकायचंय."

बिरुताने त्याचा मुकुट उगाच पुन्हा सारखा केला. चाळीस वर्षं हा माणूस गाणारे आले की बिअरच्या पिंपाशी काहीतरी खुडबुड करत बसायचा, हे तिने पाहिलं होतं.

गेल्या वर्षीच्या लीगोला वेल्ता इस्पितळातून नुकतीच घरी आली होती. शाल गुंडाळून दारात खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "आज इथे उभा राहा. एक ओळ म्हण माझ्याबरोबर. चुकलास तरी चालेल." ओटो म्हणाला, गुडघा ठणकतोय, आणि मला कुठे गाता येतं. तो वर गेला, खिडकी लावून घेतली आणि झोपला. ज्या रात्री कोणी झोपत नाही, त्या रात्री.

मग हिवाळ्यात त्याच्या लक्षात आलं की तिचं गाणं त्याला आठवत नाही. तिचं बोलणं आठवत होतं. रागावणं, खोकणं, कोंबड्यांना हाका मारणं, सगळं. गाण्याची एक ओळही नाही. त्याने कुणी रेकॉर्ड केलंय का म्हणून चौकशी केली. कोणी केलं नव्हतं. ती दरवर्षी असणारच होती.

ऊन अजून कुरणावर होतं तेव्हा सगळे आले. शेकोटी पेटली. बिरुताचा नवरा ओयार्स ट्रकच्या आठवणी काढत राहिला, कारण ओटोने जन्मभर डेअरीचा ट्रक चालवला होता.

"इंजिन कुरकुरलं की पुढच्या वळणावर काय तुटणार ते हा सांगायचा," ओयार्स म्हणाला. "कान आहेत का काय!"

"बडबड पुरे," बिरुता म्हणाली. तिने ओटोकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली. बाकीच्यांनी साथ धरली.

"ओटोच्या अंगणात वाढलं गवत, लीगो, लीगो,
गाय शिरली परवा, नाही आली परत, लीगो."

मग उत्तरासाठी थांबायची सवय म्हणून सगळे थांबले.

ओटो मान खाली घालून उभा होता. शेकोटीत लाकूड तडकलं. ओयार्सने पुढचं गाणं सुरू करायला घसा खाकरला आणि तो तसाच राहिला.

बिरुता ओटोच्या खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत होती. मग सगळेच तिकडे पाहायला लागले. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच तोंडावर हात दाबला.

ओटो वळला. खिडकी बंद होती. पडदा हलत नव्हता. काचेवर एक माशी चालत होती.

"काय झालं?"

"ऐक," बिरुता म्हणाली.

त्याने ऐकलं. नदी. कुत्र्याची साखळी. काचेवर माशीची गुणगुण.

"कोण गातंय?"

बिरुताने ओठ ओले केले आणि कापऱ्या आवाजात दुसरं गाणं म्हटलं, चीज विकतचं आहे अशा टोमण्याचं. ती थांबली. तिचा चेहरा हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय म्हणाली वेल्ता?" ओटोने विचारलं.

"म्हणाली, चीज विकतचं, गवत आमचं उंच, पण बिरुताची जीभ त्याहून लांब. कोयता घेऊन येते, म्हणाली, जरा दारात थांब."

ओटो आत धावला. स्वयंपाकघर रिकामं होतं. टेबलावर कागदातलं चीज. नळ ठिबकत होता. तो बाहेर आला.

"थांबली?"

"नाही. आता दाराशी आहे."

दारात तो एकटाच उभा होता.

"चाल कशी आहे, बिरुता? चाल सांग मला."

"अरे, गातेय ना ती! ऐक ना जरा!" बिरुता वैतागून म्हणाली, आणि मग तिलाच स्वतःच्या आवाजाची भीती वाटली.

त्यानंतर कोणी गायलं नाही. बिअरला कोणी हात लावला नाही. एकेक जण टोपी उचलून निघाला. ओयार्स म्हणाला, "चल आमच्याकडे." ओटोने नकारार्थी मान हलवली.

तो दारात खुर्ची टाकून बसला.

"आहे मी," तो म्हणाला. "वर जात नाही. म्हण तू."

मग त्याने ओठ मिटून घेतले. बारीकसाही आवाज निसटू नये म्हणून तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

सूर्य टेकडीमागे गेला. आकाश काळं झालंच नाही.

नदी वाहत होती.

माशी कधीतरी थांबली.

त्याला काहीच ऐकू आलं नाही.

ऊन पुन्हा अंगणात आलं तेव्हा बिरुता पुलावरून येताना दिसली. हातात फडक्यात बांधलेलं घरचं चीज होतं. डोळे सुजले होते, पण ती हसत होती.

"आम्ही कोणी झोपलो नाही," ती म्हणाली. "आमच्या अंगणात बसून ऐकत होतो. ओयार्स येणार होता बघायला. मीच म्हटलं, असू दे, इतक्या वर्षांनी दोघं गातायत."

ओटो खुर्चीला धरून उठला.

"आधी जरा बेसूर होतास. मग तिने सांभाळून घेतलं तुला. पहाटे तर तुझाच आवाज वर होता."

मी तोंडही उघडलं नाही, असं सांगायला ओटोने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. रात्रभर गाणाऱ्या माणसाचा बसतो तसा त्याचा घसा पार बसला होता.