हलका हात

लघवीची नळी काढायची म्हटलं की भलेभले गडी घाबरतात. ऑपरेशनला हसत गेलेला माणूस नळीच्या नावानं पांढरा पडतो. म्हणून आमच्या नगरच्या दवाखान्यात ते काम माझ्याकडे यायचं. "राजेश्वरी सिस्टरांचा हात हलका," असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझी पद्धत साधी. नातेवाइकांना बाहेर बाकावर बसवायचं, पडदा ओढायचा, काय करणार ते आधी सांगायचं. नळी आत टिकून राहावी म्हणून तिच्या टोकाशी पाण्याचा छोटा फुगा असतो. त्यातलं पाणी खस्सकन ओढायचं नाही, सिरिंजमध्ये आपसूक येऊ द्यायचं. मग पेशंटला लांब श्वास घ्यायला सांगायचा आणि तो सोडताना नळी अलगद बाहेर घ्यायची. घाई करायची नाही, एवढंच.

गेल्या दिवाळीनंतर पाथर्डीकडचे वाल्मिकतात्या आले. टोळी ऊसतोडीला गेली आणि हे प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी मागं राहिले. नळी काढून मी ट्रेमध्ये ठेवली तरी त्यांनी डोळे घट्ट मिटलेलेच.

"काढा की आता, बाई."

"निघाली, तात्या."

"निघाली? मला तर काय कळलंच न्हाई!"

मी बाहेर आले तर बाकावर त्यांची बायको छबूबाई ओटीपोट धरून वाकलेली. "एकाएकी लई कळ आली ओ. आता गेली बगा." उपाशी असेल म्हणून मी तिला बिस्किटं आणून दिली.

पंधरा दिवसांनी अंगदराव आले. त्यांचं शिंगणापूरला पूजेच्या ताटांचं दुकान आहे. त्यांनाही नळी निघालेली कळली नाही. बायको आणि दोन्ही मुलं बाकावर नीट बसलेली होती. पण चहासाठी खाली निघालेली त्यांची म्हातारी आई जिन्यातच मटकन बसली होती. मला जवळ ओढून ती कानात म्हणाली, "लघवीच्या जागी आग झाली गं लेकी, कुनाला सांगू नको."

मी शिकलेली बाई. दोनदा झालं म्हणजे योगायोग, असं स्वतःला बजावलं. पण मग नळी काढून झाली की मुद्दाम बाकाकडे बघू लागले. दर वेळी कुणीतरी एकच जण वाकलेला असायचा. कुणाची बायको, कुणाचा मित्र. एकदा तर सुनेसाठी सासू वाकलेली पाहिली आणि मी चाटच पडले.

राजूरच्या कारभारीअण्णांबरोबर जीप भरून माणसं आली होती. फुगा, श्वास, हात, सगळं नेहमीचंच. नळी निघताना अण्णा एवढ्यानं ओरडले की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. बाहेर त्यांचे अकराच्या अकरा जण भेळ खात होते.

माझा हात कधीच हलका नव्हता, हे तेव्हा कळलं. त्याचं वाईट वाटलं, पण अण्णांसाठी जास्त वाटलं. नळी जरा अडकली होती, असं मी त्यांना सांगितलं.

आणि या फेब्रुवारीत आमच्या ह्यांनाच, सुनीलना, मूतखड्याच्या ऑपरेशननंतर नळी लागली. हे नागापूरच्या एका कंपनीत सुपरवायझर, डबल ड्यूटीपायी घरी कमीच. लग्नाला बावीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. भांडण नाही, तंटा नाही, बोलणंही फारसं नाही.

"मी काढू का, ताई?" ज्युनियर दिपालीनं विचारलं.

"नको. मीच काढते."

दोन दिवस मनात एकच होतं. कळ मला येईल का? आली नाही आणि हे ओरडले, तर बावीस वर्षांत मी काय केलं, ते मला माझ्याच हातानं कळणार होतं. मला ती कळ हवी होती. इतकं जिवापाड मी आजवर काही मागितलं नव्हतं.

सकाळी अकराला पडदा ओढला.

"दुखेल का गं?"

"नाही दुखणार," मी म्हणाले.

फुग्यातलं पाणी हळूहळू सिरिंजमध्ये उतरलं. मी स्वतःचं पोट आवळून धरलं.

"लांब श्वास घ्या. आता सोडा."

नळी बाहेर आली.

मला काही झालं नाही. साधी चमकसुद्धा नाही.

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता ओरडतील, आता ओरडतील.

हे पंख्याकडे बघत होते. "काढ ना आता," म्हणाले.

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. सासरे त्याआधीच गेले. बाहेर आमचं म्हणून कुणीच नव्हतं.

मी पडदा सारला.

बाकाच्या टोकाला चाळिशीची एक बाई ओटीपोट धरून वाकली होती. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. मी तिला आजवर कधीच पाहिलं नव्हतं.

सवयीनं मी शेजारी बसले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "लांब श्वास घ्या."

तिनं घेतला. सोडला. मग घामानं डबडबलेलं तोंड वर करून माझ्या गणवेशाकडे पाहिलं.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "त्यांना दुखलं न्हाई ना?"