बॅलन्सची नळी

खोटं वाटलं तर वाटू द्या. जिच्या बाबतीत हे घडलं, ती ताई आजही त्याच लॅबमध्ये रक्त काढते. आणि असलं काही रात्रीच घडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तर ऐकाच. हे घडलं सकाळी. ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, लोक रांगेत जांभया देत असताना.

ताईचं काम चरबी मोजायचं. रक्तातली. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एलडीएल, एचडीएल... लिपिड प्रोफाइल म्हणतात त्याला. उपाशीपोटी यावं लागतं. लोक येतात, गळ्याला हात लावून सांगतात, "रात्रीपासून कण नाही हो पोटात," आणि मिशीला साय लागलेली असते. ताई रक्त काढून घ्यायची. नळी मशीनमध्ये गरगर फिरली की लाल भाग खाली बसतो, वर सीरम उरतं. उपाशी माणसाचं स्वच्छ पिवळं. चापून आलेल्याचं दुधासारखं.

"माणूस लपवतो, सीरम चहाडी करतं," ताई हसून म्हणायची.

मशीनचा एकच हट्ट. प्रत्येक नळीच्या समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी, नाहीतर ते थडथडतं. नळ्या विषम झाल्या, की उरलेल्या नळीसमोर ताई साध्या पाण्याची नळी ठेवायची. बॅलन्सची नळी.

एका सकाळी मशीन थांबलं. ताईने झाकण उघडलं.

बेकरीवाल्याच्या नळीसमोरचं पाणी...

पांढरं झालं होतं.

वर सायीचा जाड थर.

आपलीच काहीतरी गडबड, असं म्हणून तिने ते ओतून टाकलं. बेकरीवाल्याचा रिपोर्ट झकास आला. पण तो न्यायला आला त्याचा मेहुणा.

"दाजी गेले हो. हार्ट."

नंतर वाचनालयातल्या बाई. तसंच पाणी. तसाच झकास रिपोर्ट. तो मुलीने नेला, पांढऱ्याफटक चेहऱ्याने.

ताईने पाण्याची नळी बंदच केली. विषम आकडा आला की आणखी एक पेशंट येईपर्यंत थांबायची. डॉक्टरीणबाई वैतागायच्या. "ताई, मशीन चालवताय की उबवताय?"

मग एक दिवस दादा आला. ताईचा सख्खा मोठा भाऊ. शिवणकाम करणारा, काडीसारखा. वडील ऐन चाळिशीत हार्टने गेलेले, म्हणून वहिनीने ढकलून पाठवलेला.

"घे, छोटे. तुझ्या वहिनीने पिऊन काही उरलं असेल तर."

"गप बस, दादा. हात सरळ कर."

रांगेत दादा धरून आठ जण. सम. ताईचा जीव भांड्यात पडला.

शेवटचा माणूस खुर्चीत बसला. बाही वर केली... आणि पुन्हा खाली ओढली.

"खरं सांगू का? मी चहा पिऊन आलोय. उद्या येतो."

इतक्या वर्षांत खरं बोलणारा पहिला माणूस. तो नेमका त्या दिवशी निघावा!

सात उरले. ताई दाराकडे बघत राहिली. कुणी आलं नाही. आतून डॉक्टरीणबाईंच्या हाका सुरू झाल्या.

ताईने पट्टा दातात धरून स्वतःच्याच दंडावर आवळला. उजव्या हाताने डाव्या हातातलं रक्त काढलं. नळीवर स्वतःचं नाव लिहिलं. रक्त गोठेपर्यंत थांबली. मग ती नळी दादाच्या नळीसमोर ठेवली. स्वतःच्या हाताने. दोनदा बघून.

झाकण लावलं.

घर्रर्र...

नेहमीचाच आवाज. पण त्याच्या आत आणखी एक... कपात कुणीतरी चमचा ढवळत असल्यासारखा.

किण... किण... किण...

मशीन थांबलं. आवाज मात्र क्षणभर चालूच राहिला.

दादाचं सीरम स्वच्छ, पिवळं.

समोरच्या नळीवर नाव नव्हतं.

आत पांढरं... वर साय.

ताईने मागे वळून पाहिलं. तिची स्वतःची नळी टेबलावरच्या स्टँडमध्ये उभी होती. नावासकट. न फिरलेली, तशीच लालभडक.

ती पांढरी नळी मुठीत धरून ती आत धावली.

"बाई, हे बघा! माझ्या दादाचं काहीतरी करा!"

डॉक्टरीणबाईंनी नळी उजेडाला धरली. "पाणी आहे, ताई."

ताईने पाहिलं. पाणीच होतं. नितळ. तासाभरात दादाचा रिपोर्टही आला.

"एलडीएल उत्तम. एचडीएल तर माझ्यापेक्षा चांगलं. मी उपचार कशावर करू, माणसावर की पाण्यावर? रजा घ्या तुम्ही थोडी."

तरी ताई ऐकेना. ईसीजी काढायला लावला. नॉर्मल. आणखी सगळं करून घेतलं. सगळं उत्तम. दादा कावला. "धडधाकट माणसाला झोपवतेस की काय!"

मग तिने रजा घेतलीच आणि त्याच्या दुकानात जाऊन बसली. रोज. तो कापड कापायचा, ती त्याच्या श्वासाकडे बघायची. आणखी करणार काय?

त्या दिवशीही समोरच बसली होती. चालता चालता कात्री थांबली.

"छोटे... जरा पाणी दे गं."

तिने बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं. वळली. दादा कापडावर डोकं टेकवून निजल्यासारखा दिसत होता.

तिने छाती दाबली, हाका मारल्या, अख्खी गल्ली गोळा केली. काही उपयोग झाला नाही. पेला तेवढा टेबलावर राहिला होता. त्यात काय होतं, हे वहिनीने एकदा विचारलं. ताईने पुढ्यातला दुधाचा चहा लांब सरकवला.

ती परत कामावर गेली. पोट कुणाला चुकलंय? पण लॅबच्या माणसांचीही दरवर्षी तपासणी असते.

"ताई, तुमचं लिपिड राहिलंय. उद्या उपाशी या बरं."

"हो बाई."

आणि दुसऱ्या दिवशी, "अय्या, आत्ताच चहा झाला. उद्या नक्की."

दोन वर्षं हा उद्या चाललाय. लॅबचं कुलूप काढण्याआधी, दारातच उभी राहून ताई रोज चहा घेते.

कोरा.

साय तिला बघवत नाही.