उताऱ्यातली मुलगी

"एका पुस्तकात दोघांनी डोकं घालू नये, माले. डोळं लागत्यात."

सोजरआत्या हे म्हणाली तेव्हा मी दारात चप्पल घालत होते. आत्याच्या असल्या सूचना दिवसभर चालायच्या. ओल्या केसांनी उन्हात जाऊ नये, तिन्हीसांजेला सुई मागू नये... त्यातलीच ही एक. मी बी.ए. झालेली. हसले, पदर खोचला आणि वाचनालयाच्या वाटेला लागले. तेव्हा ऐकलं असतं तर... जाऊ दे. तर आज ही बाळी मांडीवर नसती, आणि ही काळजीही नसती.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलची. हैदराबादला अनुवादाचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम होता आणि त्याची प्रवेश परीक्षा जूनमध्ये सोलापुरातच व्हायची होती. मराठीच्या पेपरची मला धास्ती नव्हती. धास्ती होती इंग्रजी उताऱ्याची. उतारा वाचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्या, एवढंच तर असतं. पण माझं नेमकं तिथंच घोडं अडायचं.

वडिलांना मी दादा म्हणते. दादांनी मूळच्या करमाळ्याच्या माणसाला शोभेल असा सरळ निवाडा करून टाकला होता. "पास झालीस तर हैदराबाद. न्हाय झालीस तर नातेपुतं."

नातेपुत्याला एक स्थळ सांगून आलं होतं. आडत दुकान, बागायत, मुलगा शांत. खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त त्यांच्या घरात वाचायचं म्हणून एकच गोष्ट दिसली होती, ती म्हणजे कालनिर्णयासारखी भिंतीवर टांगलेली एक दिनदर्शिका.

वाचनालयात इंग्रजी उताऱ्यांचं पुस्तक मागायला मी गेले, तेव्हा ग्रंथपाल कुंडलिकमामांच्या टेबलापाशी एक उंच मुलगा उभा होता. पुस्तक त्याच्या हातात होतं. निळी पाठ, कोपरे झिजलेले.

"हेच पाहिजे होतं मला," मी म्हटलं.

"मलापण," तो म्हणाला. आणि पुस्तक सोडलं नाही. पण पुढंही केलं... म्हणजे अर्धं त्याच्या हातात, अर्धं माझ्या.

कुंडलिकमामांनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे पाहिलं. "प्रत एकच हाय. घरी न्यायला न्हाय मिळायची. भांडता कशाला? दोघं मिळून वाचा की. माझ्या डोळ्यासमोर."

त्याचं नाव सिद्धलिंगप्पा. अक्कलकोटचा. घरी कन्नड, शाळा मराठी, कॉलेज सोलापूरला. परीक्षा हीच. रोज सकाळी एसटीनं यायचा, दिवस मावळायच्या आत परत. त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटवून शिवलेली होती. टाके इतके बारीक, की घरात कुणीतरी जिवापाड माया करणारं असणार, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं.

मला सगळं दिसतं, हाच तर माझा रोग.

पहिला उतारा समुद्रातल्या दीपगृहाच्या राखणदाराचा होता. तो शिडी उतरून खाली जातो, मध्येच थबकतो आणि पुन्हा वर येतो. प्रश्न होता, तो परत का आला?

"खाली बायको वाट बघत असेल, तिला काय सांगायचं ते त्याला सुचेना, म्हणून," मी म्हणाले.

सिद्धलिंगप्पानं पान पुन्हा वाचलं. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "बायको? हे उताऱ्यात कुठं आहे?"

"माणूस एकटा समुद्रात राहतो. त्याला कुणी नसेल का?"

"असेल की. पण तो तेलाचा डबा विसरला होता. मार्क तेलाला आहेत."

मला रागही आला आणि हसूही. माझं हे असंच व्हायचं. शब्द सगळे कळायचे, पण उताऱ्यात नसलेली माणसं माझ्या डोक्यात येऊन बसायची. कुणाला ताप, कुणाची चुकामूक, कुणी उपाशी... आणि उत्तर चुकायचं.

त्याचं दुखणं वेगळं होतं. उत्तर एकही चुकायचं नाही, पण निम्मे प्रश्न राहून जायचे. वाचताना ओठ हलायचे त्याचे. ते ओठ मी किती वेळ बघत बसले होते, ते तो मान वर करेपर्यंत मला कळलं नाही.

"काय?"

"तुमचे ओठ हलतात," मी म्हणाले. काहीतरी म्हणायला हवंच होतं.

"इंग्रजी आधी कन्नडमध्ये जातं. मग तिथनं मराठीत परत येतं."

"एसटीनं?"

"एसटीनंच," तो म्हणाला, अगदी गंभीरपणे. "म्हणून तर उशीर होतो."

कुंडलिकमामा खाकरले. मी पदरानं तोंड दाबलं.

मग आमचा शिरस्ताच पडला. मी त्याला पळायला लावायची, तो मला थांबायला लावायचा. खिडकीवर वाळ्याचा पडदा. त्यावर पाणी मारलं की सगळी खोली गार, ओल्या गवताच्या वासाची व्हायची. लांबून मिलचा भोंगा यायचा आणि पान उलटायची वेळ आली की आमची बोटं एकाच कोपऱ्यावर... आणि दोघंही हात मागं घ्यायचो. मग पान उलटायचं कुणी? बराच वेळ कुणीच नाही.

"तुम्ही घरी अभ्यास कसा करता? पुस्तक तर इथंच राहतं," मी एकदा विचारलं.

"आईला सांगतो. रोज एक उतारा. ती भाकरी थापते, मी चुलीपाशी बसून कन्नडमध्ये सांगतो. पण तिची एक तक्रार आहे."

"कोणती?"

"उतारे अर्ध्यावर संपतात. राखणदार तेल घेऊन आला, संपलं. ती विचारते, मुंदे? म्हणजे, पुढे? मी म्हणतो, पुढे नाही, पुढे प्रश्नच. ती म्हणते, या इंग्रजांना एक गोष्ट धड पुरी करता येत नाही का? मग शेवट मलाच जुळवावे लागतात."

"राखणदाराचं काय केलंत?"

"रजा दिली," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "बायकोकडे पाठवला."

त्या दिवशी पान मीच उलटलं. काय वाचलं ते मात्र विचारू नका.

आत्याला सगळं घरी येऊन सांगायची मी. सगळं म्हणजे राखणदार, तेल, मुंदे. ओठ आणि बोटं सोडून. दुसऱ्याच दिवशी दिलेली ती डोळं लागायची सूचना सोडली, तर ती नुसतं हूं म्हणायची. पण मे महिन्यात एकदा तिनंच काढलं, "येत्या गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या पाया पडून येऊ. पेपराआधी बरं आसतंय."

आम्ही एसटीतून उतरलो तेव्हा सिद्धलिंगप्पा स्टँडवर हजर होता. मी आदल्या दिवशी सांगितलं होतं... सहज. दर्शन झालं, ऊन डोक्यावर आलं. "घर इथंच मठामागं आहे. आत्याबाईंना पाणी तरी..." तो म्हणाला. आत्या माझ्याआधी चालायला लागली.

त्याची आई गौरम्मा. कपाळावर विभूतीचे पट्टे, इरकली लुगडं, हाताला ज्वारीचं पीठ. "बर्री, बर्री, या," म्हणत तिनं घोंगडी अंथरली. मराठी तिला येत होतं, पण कन्नडच्या वळणानं. मी दार दिसेल अशी बसले. तिनं तांब्या पुढं केला, तर मी आत्याला विचारलं, "आत्या, तू प्यालीस?"

गौरम्माचा हात हवेत तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हसून आत्याला म्हणाली, "तुमची पोरगी अगदी त्या इंग्रजी पुस्तकातल्या पोरीवानी हाय बगा."

"कोनच्या पोरीवानी?" आत्यानं कान टवकारले.

"माजा लेक सांगतो की रोज. दिव्याच्या मानसाची गोष्ट संपली, मग घोड्याची झाली, मग या पोरीची काडली. एक पोरगी हाय, पुस्तकं वाचाया जाती. दार दिसंल तितंच बसती. कोन खोकला की मान वर. सोता तान्हेली आसली तरी आदी दुसऱ्याला इचारती, पाणी प्यालास का म्हनून. आनि इचार करताना येनीचं टोक तोंडात धरती!"

माझ्या वेणीचं टोक तेव्हा माझ्या ओठांशीच होतं. मी ते खाली सोडलं.

"लई गुणाची पोरगी," गौरम्मा सांगतच होती. "बाकीच्या गोष्टी ह्यो दोन दिसात संपीवतो. हिची संपीवतच न्हाई. रोज इचारते मी, मुंदे? तर म्हनतो, अजून वाचली न्हाई. आसं कसं आसंल? तुमी तेच पुस्तक वाचता न्हवं? तुमी सांगा, फुडं काय जालं तिचं?"

सिद्धलिंगप्पा दारात शेंगाचटणीची वाटी घेऊन उभा होता. शेजारून मागून आणलेली असणार. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"अव्वा..." तो म्हणाला.

भाकरी तव्यावर फुगली, करपायला लागली, तरी कुणी हलेना. शेवटी आत्यानं उठून ती उलटली आणि म्हणाली, "त्ये पुस्तक आमीबी ऐकून हाय, गौराबाई. पर फुडचं त्या पोरीलाच ठावं."

परतीच्या एसटीला वेळ होता. आत्या "जरा बुक्का घेऊन येते" म्हणून मुद्दाम लांबच्या दुकानाकडे गेली. लिंबाखाली आम्ही दोघंच.

"प्रश्न पहिला," मी म्हणाले. आवाज माझाच मला अनोळखी वाटला. "त्या मुलीची गोष्ट त्यानं आईला का सांगितली?"

"कारण खरं नाव घेऊन सांगायला त्याला धीर नव्हता."

"प्रश्न दुसरा. तिला नातेपुत्याचं स्थळ आलंय, हे त्याला माहीत होतं का?"

"माहीत होतं. म्हणून तर त्याला शेवट जुळवता येईना." तो पायानं लिंबोळी सरकवत होता. "विजयमाला... राखणदाराला रजा देणं सोपं होतं. कागदावरचा होता तो. तुझ्या मनात काय आहे, ते मी माझ्या मनानं जुळवलं, तर तू विचारशील, हे उताऱ्यात कुठं आहे?"

'तुम्ही'ची 'तू' झाले होते मी. ते त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं.

एसटी आली. धूळ उडाली. आत्या बुक्क्याची पुडी घेऊन दिसायला लागली. मला इंग्रजी आठवेना, मराठी सुचेना. गौरम्माचा एकच शब्द होता जिभेवर.

"मुंदे?" मी म्हणाले.

त्यानं मान वर केली. आणि असा हसला... असा, की कंडक्टर घंटी मारून थकला.

जूनच्या पेपरात उतारा आला एका पुरात अडकलेल्या नावाड्याचा. त्याची आई काठावर असेल, रडत असेल, माझं सुरू झालंच. तेवढ्यात कानाशी तो मऊ आवाज आला. हे उताऱ्यात कुठं आहे? मी आईला काठावरून घरी पाठवलं आणि उत्तरं लिहिली. पलीकडच्या बाकावर तो ओठ मिटून लिहीत होता. घंटा व्हायच्या आत त्यानं पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच.

दोघंही पास झालो. मग दादांना सांगायची पाळी आली. ते पावसाळाभर गप्प होते. एकदाच म्हणाले, "मी हैदराबाद कबूल केलं हुतं. जावई कबूल केला नव्हता." आत्या म्हणाली, "कुंडलिकानं दोघांस्नी एक पुस्तक दिलं तवाच मी सांगितलं हुतं. आता लागलं डोळं, ते लागलं. पोरगं आईच्या चुलीपाशी बसतंय, दादा. आनिक काय बगायचं?" दसऱ्याला दादांनी नातेपुत्याला नकार कळवला आणि अक्कलकोटला स्वतः गेले. गौरम्माला म्हणे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं की ती मुलगी पुस्तकातली नाही. दादांनी सांगितलं. ती आधी लेकावर चिडली, मग खूप हसली, आणि मग दादांना म्हणाली, "मुंदे?"

आता आम्ही हैदराबादला असतो. हे कचेरीत अनुवादक आहेत. मी घरी बसून मिळेल ते काम करते, बाळी झोपेल तेवढ्या वेळात. तिला दात येतायत, अंग कोमट लागतं आणि मी दर थोड्या वेळानं हात लावून बघते. प्रवास जमत नाही. यांना रजा मिळत नाही. दीपगृहातल्या माणसाला मिळाली होती.

गौरम्मा इकडे यायला तयार नाही. गाय आहे, चूल आहे, स्वामी आहेत. तिला लिहिता येत नाही. शेजारची बसव्वा तिच्या वतीनं कार्ड लिहून टाकायची, पण बसव्वाचं लग्न होऊन ती गुलबर्ग्याला गेली. दिवाळीनंतर कार्ड नाही. हे म्हणतात, "बरीच असणार ती. कार्ड आलं नाही म्हणजे आजारी आहे, हे उताऱ्यात कुठं आहे?" म्हणतात खरं. पण जेवताना भाकरी नुसती चिवडत बसतात, ते मला दिसतं.

उताऱ्यात नाही, कबूल. पण काठावर आई उभी आहे, हे यावेळी मला खात्रीनं माहीत आहे.

म्हणून तुम्हा वाचणाऱ्यांना विनंती. तुमच्यापैकी कितीतरी जण गुरुवारी अक्कलकोटला जात असाल. दर्शन झालं की मठामागच्या आळीत जा. निळं दार, बाहेर कण्हेर, गाय बांधलेली. हाक मारा. पाणी देईल, ते घ्या. सोलापूरहून आलात, करमाळ्याहून आलात, काय असेल ते सांगा. वाटेतली एखादी गोष्ट सांगा आणि मुद्दाम अर्ध्यावर सोडा.

आणि कान देऊन ऐका. तिनं "मुंदे?" म्हटलं, तर ती बरी आहे. गोष्ट पुरी करूनच उठा, आणि मला दोन ओळी टाका.

नाही म्हटलं, तर... तरीही टाका. पण लगेच.