दांड्यावरच्या खुंट्या

किनारा मोजायची नोकरी मी एकोणीस वर्षं केली. दर महिन्याला खुंटीला टेप लावायची, वाळूच्या कडेपर्यंत ताणायची, आकडा लिहायचा. यात अक्कल लागत नाही. शरम असेल तर अडचण होते.

बंदराचा बांध समुद्रात लांबवर घातला आणि येणारी वाळू त्याच्याच मागे अडकली. लाटा तिरक्या येतात, वाळू हाकत पुढे नेतात. मागून वाळू आली नाही, की पुढचा किनारा खातात. त्या पुढच्या किनाऱ्यावर माझ्या ताईचं घर होतं.

खुंटी पाण्यात गेली की साहेब म्हणायचे, "मागे नवी ठोक आणि अंतर आधीचंच लिही. तीस मीटर. बांध आपल्याच खात्याचा आहे, विसरू नकोस."

मी ठोकायचो. बारा खुंट्या गेल्या. वहीत किनारा तसूभर हलला नव्हता.

"काय रे, राहू ना इथं?" ताई विचारायची.

"वहीत तीसच आहे."

भावजी हसायचे. "मेहुणा सरकारी. समुद्र टरकतो त्याला."

त्या सकाळी मला खाडीच्या तोंडाशी धाडलं. तिथं वाळूचा नवा दांडा तयार झाला होता. ताईच्या घरापासून सहा किलोमीटर, मधे डोंगर. इकडची खाल्लेली वाळू तिकडे साठणारच, त्यात नवल नव्हतं.

दांड्यावर खुंटी उभी होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात एक. पुढे दोन. मी टेप लावली. मी ठोकल्या होत्या त्याच अंतरांवर, बाराच्या बारा.

पुढे तेरावी होती. तिचा तांबडा रंग बोटाला लागला.

तेरावी मी अजून ठोकलीच नव्हती. तिची जागा ठरली होती, ताईच्या ओट्यापासून चार पावलांवर.

मी फोन लावला. "ताई, आत्ताच्या आत्ता घर सोडा. मी खोटं लिहीत आलो."

"माहीत आहे रे. आम्ही काय आंधळे आहोत? तू सांगतोयस म्हणून राहिलो. आज लाटेचा आवाजच नाही बघ. दाराशी नुसती वाळू. लांब कोण उभंय, तूच का? हात वर कर."

मी हात वर केला.

"दिसलास. ये, चहा ठेवते."

समोर नुसतं पाणी होतं.

मी चार पावलं पुढे गेलो. पाणी गुडघ्याला लागलं.

फोनमध्ये दाराची कडी वाजली. मग भावजींचा आवाज आला, "किती भिजलास. आधी पाय पूस."