मागं मोकळं

मंडळाचं नाव 'वायुवेग सायकल मंडळ, बीड'. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! निम्मे जण पन्नाशी ओलांडलेले, तिघाचौघांचे गुडघे गेलेले, आणि वायूचा वेग यायचा तो फक्त घाट उतरताना. तरी दर पौषात ही मंडळी सायकलींवर सफरीला निघायची. पहिल्या दिवसाची वाट ठरलेली होती. बीडहून वडवणी, तेलगाव, मग धारूरचा घाट चढून केजात जेवण, आणि दिवस मावळायच्या आत अंबाजोगाई.

म्होरके मन्मथप्पा. हार्डवेअरचा धंदा, आवाज ट्रॅक्टरचा, मन लोण्याचं. त्यांनी एक रीत घालून दिली होती. रस्ता जिथं फुटतो तिथं एक जण उभा करायचा, त्यानं येणाऱ्याला हात करून वाट दाखवायची. त्याला म्हणायचं खुंट. आणि सगळ्यांत शेवटी जो सायकल मारतो तो शेपूट. शेपूट आलं की खुंटानं हात पुढं करून विचारायचं, "मागं कोण?" शेपटानं त्या हातावर टाळी देऊन सांगायचं, "मागं मोकळं." हे कानानं ऐकल्याशिवाय खुंटानं जागचं हलायचं नाही. रीत उगीच आली नव्हती. एका साली बद्रीनाथ गुरुजी भलत्याच फाट्याला लागले, आणि सगळे त्यांना हुडकत असताना पाटोद्याच्या बाजारात भजी खाताना सापडले. खुंट लघवीला गेलता, एवढंच झालं होतं!

केदारनाथ हे मंडळाचं कायमचं शेपूट. मन्मथप्पांचे थोरले चुलतभाऊ. अंगात दम होता, पण पुढं जायची हौसच नव्हती. पुढं त्यांची बायको शिवकन्या, मागं ते. "हिची पाठ दिसली की मला रस्ता दिसतोय," असं म्हणायचे, आणि मंडळी चिडवून चिडवून बेजार करायची.

गेल्या साली घाटात ते मागं पडले. "यायलेत सावकाश," असं धारूरच्या खुंटाला सांगून शिवकन्या केजला गेली. ते आलेच नाहीत. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला एका कडुलिंबाखाली सापडले, सायकल नीट स्टँडवर लावून टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, काळीज बंद पडलं.

यंदा वडवणीला चहा पिताना शिवकन्या म्हणाली, "भावजी, यंदा शेपूट मी होणार."

मन्मथप्पांचा चहा बशीतच राहिला. "कावून वहिनी? नेमका तोच घाट हाय."

"म्हणूनच तर."

शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई. भुताखेताचं कुणी काढलं की त्याला धुवून काढायची. तिला घाटात काही भेटेल अशी तिची अजिबात समजूत नव्हती. तिला नुसतं त्यांच्या जागेवरनं एकदा रस्ता बघायचा होता. वर्षभर ती बाजारातनं चालताना मधेच थांबायची, मागनं कुणी येईल म्हणून, आणि मग लोकांचे धक्के खात उभी राहायची. माणूस नुसता मागं असणं, याचीसुद्धा भूक लागते हो! ती भूक तिला रोज लागत होती.

तेलगावला आरोही खुंट होती. बँकेतली पोरगी, पहिलीच सफर. तिनं हात पुढं केला, "मागं कोण, काकू?"

"मागं मोकळं." टाळी दिली. आरोही शिवकन्येच्या खांद्यावरून मागं बघत राहिली.

"काय बघायलीस?"

"काही न्हाई. कुणी तरी उतरून थांबलंय वाटलं." आणि हसून ती पुढं गेली.

कापसाची वेचणी चालली होती. उसाच्या ट्रॉल्या पाचट सांडत जात होत्या. शिवकन्येनं मागं वळून बघितलं. रस्त्यावर एक कुत्रं होतं, ते पाचटात लोळत होतं.

घाट लागला. तिनं सगळ्यांना पुढं जाऊ दिलं. पहिल्या वळणानंतर नुसता तिचाच श्वास राहिला, आणि दुसऱ्या वळणानंतर कुरकुर ऐकू आली. पायडलाची कुरकुर, एका बाजूचीच, एकेका फेऱ्याला एकदा. केदारनाथांचं डावं पायडल असंच कुरकुरायचं. तेल घाला म्हणून ती वीस वर्षं कानीकपाळी ओरडत होती.

तिनं पाय थांबवला. कुरकुर चालूच राहिली. मग कुरकुरही थांबली.

दगडाच्या भिंतीवरनं आवाज उलटतोय, तिनं स्वतःला सांगितलं. सातवीच्या पुस्तकात आहे. पुन्हा पायडल मारलं. तिचं पायडल तर कुरकुरतच नव्हतं.

ती घाबरली का? छे! खरं सांगायचं तर तिला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांना धार लागली. तो चढ तिला चढ वाटला नाही. मागं वळायचं तिनं मुद्दाम टाळलं, कारण मागं कुणी नसतं, हे तिला ठाऊक होतं.

घाटाच्या डोक्यावर, धारूरजवळ, एक रस्ता गावात फुटतो आणि एक केजला जातो. तिथं अंगद खुंट होता. खताचा दुकानदार, तिशीतला, आईचा एकुलता एक. तोंडात शेंगदाणे, हात पुढं.

"मागं कोण, काकू?"

शिवकन्येनं तोंड उघडलं. ते दोन शब्द तिच्यानं बोलवेनात. मोकळं म्हटलं की मोकळंच झालं सगळं.

"मागं एक हाय," ती म्हणाली, आणि टाळी न देता केजच्या रस्त्याला लागली.

केजात पंगत बसली तेव्हा मन्मथप्पा ताट धरून ओरडत होते, "अंगद कुठं मेला बे?" फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"थांबलोय की अप्पा. काकू म्हणल्या मागं एक हाय."

"अरे, शेपूट इथं जेवायलंय! कोण मागं?"

"हाय हो. शेवटच्या वळणावर दिसतोय. सायकल मारायलाय." जरा थांबून अंगद म्हणाला, "कधीचा मारायलाय अप्पा. येतोय, येतोय, पण पोचना."

मन्मथप्पांनी शिवकन्येकडं बघितलं. तिनं भाकरी खाली ठेवली.

"आरं, ये निघून," मन्मथप्पा म्हणाले.

"हात खाली येईना, अप्पा." अंगद रडकुंडीला आला होता.

जीप करून दोघं निघाले. वाटेत मन्मथप्पा एकदाच बोलले. "वहिनी, तुमी फक्त मोकळं म्हणा. पोरगं सुटंल."

"व्हय," ती म्हणाली. ते सांगायची गरज नव्हती. तिच्या एका शब्दानं दुसऱ्या आईचं लेकरू उन्हात खिळलं होतं, आणि ते सोडवायचं तर तिला आपल्याच तोंडानं नवऱ्याला नाही म्हणायचं होतं.

अंगद तसाच होता. हात पुढं, ओठ फुटलेले, नजर घाटाकडं. शिवकन्येनं त्या बाजूला बघितलं. रस्ता रिकामा होता.

तिनं शब्द जुळवले. "मागं," एवढंच बोलून थांबली. मन्मथप्पा जीपजवळ हात जोडून उभे होते.

मग ती अंगदच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याच्या हाताखाली आपला हात धरला. "सरक बाळा. आता खुंट मी."

अंगदचा हात धपकन खाली पडला. मन्मथप्पांनी त्याला ओढून जीपमध्ये नेलं, पाणी पाजलं.

शिवकन्येनं पुन्हा घाटाकडं बघितलं.

आता दिसलं.

शेवटचं वळण. पांढरा सदरा. डोक्याला गुंडाळलेला पंचा. कुरकुर.

तिच्यासाठी ते पोचत होते. जवळ जवळ येत होते. घामानं निथळलेलं तेच तोंड, हनुवटीवरचा तोच व्रण. अवो, एवढंच तिच्या मनात आलं, अवो, अवो.

त्यांनी ब्रेक मारला. एक पाय टेकवला.

"मागं कोण?" तिनं विचारलं. हात पुढं केला.

त्यांनी हाताकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. अनोळखी बाईकडं बघावं तसं, अदबीनं.

"ताई, केजची वाट हीच ना?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

"सायकलवर एक बाई गेली का हो पुढं? मंडळी हाय माझी." ते धापा टाकत हसले. "लई जोरात मारती. सकाळधरनं पाठ दिसना तिची."

शिवकन्येनं केजच्या रस्त्याकडं हात केला.

"आत्ताच गेली," ती म्हणाली.

"थांबंल का ती, ताई?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता, ते तिच्या अंगावरून पुढं निघून गेले, तिला गाठायला.