हरलेल्याचं बक्षीस

"सिंगल कोण आहे? सिंगल!"

रविवारची सकाळ, गंगापूर रोडवरची मिसळ आणि जागेसाठी उभी असलेली ही गर्दी. वेटर ओरडला आणि मी हात वर केला. त्याच क्षणी माझ्या मागे आणखी एक हात वर गेला.

"दोन सिंगल, एक टेबल. बसा!" वेटरनं आमचं परस्पर ठरवून टाकलं.

समोरचा उंच, सावळा, चौकड्यांचा शर्ट घातलेला. बसताना अवघडला. "तुमची काही हरकत...?"

"हरकत घेत बसलं तर रस्सा संपतो," मी म्हटलं.

तो हसला. डावीकडे एक खळी. मी पापड मोडण्यात लक्ष घातलं.

कोपऱ्यातल्या स्पीकरवर एक जुनं, कृष्णधवल काळातलं गाणं लागलं होतं. मी सवयीनं शब्द पुटपुटायला लागले. पहिलं कडवं संपलं, मी थांबले... आणि समोरून टेबलावर बोटं वाजायला लागली. मेंडोलिनचा तुकडा, मग बासरीची ती छोटीशी गिरकी, सगळं त्यानं ओठांतल्या ओठांत वाजवलं आणि दुसरं कडवं सुरू होताच माझ्याकडे हात केला — हं, घ्या आता!

"तुम्हाला शब्द नाही येत?" मी विचारलं.

"एक ओळ नाही येत. मला मधलं सगळं येतं."

"मला मधलं काही येत नाही."

"मग जमलं की! तुम्ही गा, मधलं मी सांभाळतो."

एवढ्यात माझा फोन वाजला. ढणढण ड्रम, वर एक भोंगा. त्याच्या हातातला पाव रश्श्यात पडला.

"हे... टँकर टोनीचं एंट्री म्युझिक आहे?"

आता चकित व्हायची पाळी माझी होती. टँकर टोनी म्हणजे टीव्हीवरच्या फ्रीस्टाइलमधला टकला, ढेरपोट्या, निळ्या चड्डीतला पैलवान. नाशकात त्याला ओळखणारी मी एकटीच, अशी माझी समजूत होती.

"तुम्ही बघता?"

"चोरून," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "पण टोनी? तो तर दर वेळी हरतो!"

"म्हणून तर! तो पडतो कसा ते बघितलंय? अख्खं अंग झोकून देतो. तो तसा पडतो, म्हणून समोरचा मोठा दिसतो. जिंकणाऱ्याला टाळ्या सगळेच देतात हो. माझ्या टाळ्या त्या पडणाऱ्याला."

"पण ते सगळं आधी ठरलेलं असतं."

"सिनेमाही आधी ठरलेलाच असतो. तुम्ही रडायचं थांबता?"

  त्यानं हळूच जिलेबीची बशी माझ्याकडे सरकवली.

त्याचं नाव ललित. द्राक्षबागांना सल्ला द्यायचं काम, गाव निफाडजवळ. मी वेदिका. मी कानांची तपासणी करते, ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मशीन बसवून देते. "म्हणजे तुमच्यासमोर हळू बोललं तरी चालेल," तो म्हणाला, आणि खरंच हळू बोलला. मला जरा पुढे वाकावं लागलं. लबाड!

त्यानंतरचा हिवाळा आम्ही भांडण्यात घालवला. सोमेश्वरच्या पायऱ्यांवर, कॉलेज रोडच्या कॉफीवर, त्याच्या धुळकट गाडीत एक एक इअरफोन वाटून घेत. जुन्या सिनेमातला त्याला खलनायक आवडायचा, मला ती दुसरी नायिका. जी शेवटी हसून बाजूला होते आणि जाता जाता अख्खा सिनेमा घेऊन जाते.

"तुला हरणारेच का गं आवडतात?"

"म्हणून तर तू आवडतोस. कालपासून एक तरी वाद जिंकलायस?"

तो लाजला. आणि मी म्हटलेलं परत घेतलं नाही.

त्याचे वडील, आबा, म्हणजे खंडेराव पैलवान. पंचक्रोशीत नाव. ललित गावच्या यात्रेत कुस्त्यांचं निवेदन करायचा, आणि गाडीतल्या गाडीत मला करून दाखवायचा. "आमच्याकडे घंटा नसते. एकानं चिमूटभर माती दुसऱ्याच्या हातात द्यायची. त्यानं मूठ मिटली, की जोड ठरली. मग माघार नाही." एवढं बोलून तो माझ्या तळहातावर शेंगदाण्याची टरफलं ठेवायचा. मी ती काचेतून बाहेर टाकायचे. अजून वेळ होता.

मग एक दिवस तो म्हणाला, "यात्रेला येशील? आबांना भेटवतो." मी हो म्हणाले. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. मेंडोलिन नव्हतं ते.

"फक्त... त्यांच्यासमोर टीव्हीच्या कुस्तीचं काढू नको. केबल आली आणि पोरं त्यांच्या तालमीतून उठली, तालीम बंद पडली. त्यांना त्याचा लय राग आहे. मी बघतो हेही त्यांना माहीत नाही."

 मागे एका स्थळाच्या वेळी आईनंही हेच सांगितलं होतं, तेवढं कुस्तीचं बोलू नको बाई. मी बोलले नाही. महिनाभरानं त्या मुलानं माझ्या फोनची रिंग ऐकली आणि असा हसला, की मीच नकार कळवला. तेव्हाच ठरवलं होतं, जिथे आपल्या आवडी माळ्यावर टाकून राहावं लागेल, त्या घरात जायचं नाही.

"ललित, मी त्यांना दुखवणार नाही. पण लपवणारही नाही. तू काय करायचं ते तू ठरव."

"आणि नाही जमलं मला...?"

"तर मधलं सांभाळायला मला दुसरं कोणी बघावं लागेल."

हसत म्हटलं खरं, पण घरी येऊन किती तरी वेळ पर्सही खांद्यावरून काढली नव्हती.

यात्रेच्या दुपारी मैदान भरून गेलं होतं. हलगी कडाडत होती. मी बायकांमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसले होते. समोर माईकवर ललित, शेजारी खुर्चीत फेटा बांधलेले आबा. दोन्ही कान पैलवानी, मातीत घासून चपटे झालेले. मान एका बाजूला कललेली. डाव्यानं कमी ऐकू येतंय, मी मनात नोंद केली.

शेवटची कुस्ती. गावचा केरू आणि कळवणचा दिनेश. काय लढला तो दिनेश! आणि काय पडला! केरूनं त्याला उचलून पाठीवर पाडलं, तेव्हा मैदानाचा श्वास अडकला. लोक केरूकडे धावायच्या आत दिनेश स्वतः उठला, त्यानं केरूला खांद्यावर घेतलं आणि मैदानभर मिरवलं. मग एकटाच जाऊन कपड्यांचं गाठोडं बांधायला लागला. केरूवर बक्षिसांचा पाऊस. दिनेशचं नाव कोणी घेईना.

मी ट्रॉलीवरून उतरले. सरळ माईकपाशी गेले.

"मला बक्षीस द्यायचंय. दिनेशला."

ललितनं माईकवर हात ठेवला. "हरलेल्याला कोणी देत नाही, वेदिका."

"मी देते."

"लोक कारण विचारतील."

"मग सांग की. तुला माहीत आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे. आणि माईकवरचा हात काढला.

"मंडळी, कळवणच्या दिनेश पैलवानाला बक्षीस! का म्हणाल, तर पडणारा मन लावून पडला, म्हणून आपला केरू एवढा मोठा दिसला. हे मला कुठे कळलं, तेही सांगतो. टीव्हीवरच्या कुस्तीत! मी बघतो ती. लहानपणापासून. चोरून बघत होतो, आजपासून उघड बघणार. आणि त्यातलं हे मर्म मला ज्यांनी शिकवलं, त्या वेदिकाताईंकडून हे बक्षीस!"

'वेदिकाताई' ऐकून मला हसू फुटलं. पण आबा उठून उभे राहिले होते. हलगी थांबली.

ते माझ्यापर्यंत आले. "याच मातीत मी पण पडलोय, पोरी," ते म्हणाले. "घरी जाईस्तोवर कोणी माझं नाव नव्हतं घेतलं." मग दिनेशला हाक मारून त्यांनी स्वतःचा फेटा उतरवला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. वळून ललितला म्हणाले, "तुझ्या टीव्हीचं घरी बघू. पण पुकारा अर्धा केलास. बाईमाणसाचं नाव इथं पुरं घेत्यात. गावची लेक का गावची सून? ही कोण?"

ललित माईकची वायर बोटाला गुंडाळायला लागला. हजार माणसांसमोर घडाघडा बोलणारा हा!

"सांग ना," मी हळूच म्हटलं, "कोण?"

"होणारी... म्हणजे... तू हो म्हणालीस तर..."

माईक चालू होता. अख्खं मैदान हसलं. ट्रॉलीवरच्या बायकांनी तर टाळ्याच पिटल्या.

"काय म्हणतोय? मोठ्यानं बोल!" आबा ओरडले.

मी चपला काढल्या. वाकले, कुस्तीच्या हौदाच्या कडेची चिमूटभर माती उचलली. हळद, तेल आणि घाम मुरलेली, मऊ, गार माती. ललितचा हात ओढला आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

 त्यानं मूठ मिटली. मातीसकट माझी बोटंही आत राहिली.

आबांना काही ऐकू आलं नव्हतं. पण हे दिसलं. त्यांनी उघडं डोकं मागे टाकून आरोळी ठोकली, "जोड ठरली रे!" आणि हलगी अशी कडाडली, की झाडावरची पाखरं उडाली.

त्या गोंगाटात ललित माझ्या कानाशी वाकला. "आता जिंकणार कोण?"

"मी," मी म्हटलं. "तू फक्त मन लावून पड."